गोव्याहून विमानानं जाताना: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

गोवा ते मुंबई विमानाचं अंतर किती, असं मोबाईलवर शोधलं की एका ठिकाणी ४२५ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ३९०, तर तिसरीकडे ५८० च्या आसपासचा आकडा. वेळेचंही तसंच. कुणी पाऊण तास सांगतं, तिकिटावर सव्वा तास छापलेला असतो आणि कालच जाऊन आलेला शेजारी म्हणतो, "सकाळी निघालो, जेवायच्या वेळेला पोचलो." यातलं कुणीच खोटं बोलत नाही, प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो आहे. पहिल्यांदाच विमानानं निघालेल्या माणसाची धांदल होते ती यामुळंच. मुलाला पुण्याला प्रवेश घेऊन द्यायचा असो की आईला तपासणीसाठी मुंबईच्या इस्पितळात न्यायचं असो, हिशेब आधी कागदावर मांडलेला बरा. तो कसा मांडायचा, हे खाली क्रमानं देतो आहे.

पायरी पहिली: कुठला विमानतळ?

गोव्यात विमानतळ दोन आहेत आणि अंतर, वेळ, भाडं सगळं त्यावर ठरतं. दाबोळीचा जुना विमानतळ पोर्तुगीज काळात १९५० च्या दशकात बांधला गेला. १९६१ च्या मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला. आजही तिथं नौदलाचा आयएनएस हंस हा तळ आहे आणि प्रवासी वाहतूक त्याच धावपट्टीवरून चालते. दुसरा पेडणे तालुक्यातला मोपाचा. त्याचं नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, आणि तिथली नियमित उड्डाणं ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली.

तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' असंच लिहिलेलं असतं. फरक फक्त तीन अक्षरांच्या कोडमध्ये दिसतो: दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. पैसे भरण्याआधी हा कोड वाचायचाच. जातानाचा वाचून भागत नाही, परतीचाही वाचायचा. तिकिटं शोधताना स्वस्तातला पर्याय वर येतो आणि त्यात जाताना मोपा, येताना दाबोळी असं सहज होऊन जातं. मग मोपाच्या पार्किंगमध्ये लावलेली गाडी आणि दाबोळीला उतरलेले तुम्ही, यांच्यात साठेक किलोमीटर रस्ता उरतो. रात्री साडेअकराला, हातात बॅगा असताना, तो फार लांबचा वाटतो.

पेडणे, बारदेश, डिचोली, सत्तरीतल्या माणसानं, आणि पलीकडच्या सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसानंही, मोपा धरावा. मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोणसाठी दाबोळी. पणजीपासून मोपा साधारण ३५ किलोमीटर आणि दाबोळी ३० च्या आतबाहेर, त्यामुळं तिसवाडीकरानं वेळ आणि भाडं बघून ठरवावं. फोंडेकराला दाबोळी जवळ पडतो. मडगावहून मात्र भाड्यात पाच-सातशे रुपये वाचतात म्हणून मोपाचं तिकीट काढणं मला पटत नाही. जवळपास सत्तर किलोमीटरच्या टॅक्सीत ती बचत संपते आणि वर दीड-दोन तास जातात.

मुंबईच्या बाजूलाही आता हाच प्रश्न आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तेव्हा तिकिटावरचं मुंबई म्हणजे सहार-सांताक्रूझ की नवी मुंबई, ते बघा. पनवेल, वाशीला जायचं असेल तर नवी मुंबई सोयीचं, अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर जुनंच बरं. जुन्या मुंबई विमानतळावर परत टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन आहेत, आणि ती एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. न्यायला येणाऱ्या नातेवाइकाला टर्मिनलचा आकडा आदल्या दिवशीच कळवून ठेवा.

पायरी दुसरी: हवाई अंतर

विमानाचं अंतर म्हणजे दोन विमानतळांमधली पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत जवळची रेघ. रस्ता घाट चढतो, खाडी वळसा घालून ओलांडतो, त्यामुळं मुंबई-पणजी रस्त्यानं साडेपाचशेच्या वर जातं. हवाई अंतर त्याहून दीडशे-दोनशे किलोमीटरनं कमी भरतं.

हे अंतर तुम्हाला घरीच काढता येतं. शाळेतला भूगोल आठवा: अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. मोपा आहे १५.७ उत्तर अक्षांशावर, मुंबई विमानतळ १९.१ वर. फरक ३.४ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण ३७७ किलोमीटर. आता रेखांश: मोपा ७३.९ पूर्व, मुंबई ७२.९, फरक एक अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळं आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरच्या आसपास भरतो. ३७७ आणि १०६ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. दोघांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं ३९० च्या थोडं पुढं. दाबोळी मोपापेक्षा दक्षिणेला, म्हणून तिथून ४२५. सुरुवातीला दिसलेल्या आकड्यांचं भांडण इथं मिटतं. नववी-दहावीतल्या मुलाला हे गणित जरूर करायला द्या, पायथागोरसचा इतका रोकडा उपयोग वर्गात क्वचित दिसतो.

याच रीतीनं काढलेले काही आकडे देतो, पाच-दहा किलोमीटर इकडंतिकडं धरून चाला. पुणे मोपाहून ३१५, दाबोळीहून ३५५. हैदराबाद मोपाहून ५१५, दाबोळीहून ५३०. दिल्ली मोपाहून १४६५, दाबोळीहून १५०५. बंगळूर मात्र उलटं: दाबोळीहून ४८५ आणि मोपाहून ५००, कारण ते आपल्या आग्नेयेला आहे. दुबई दोन्हीकडून २२०० च्या आसपास.

लांबच्या प्रवासाला, समजा लंडनला, ही सपाट कागदावरची रीत चालत नाही. तिथं पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघायचा. दोरा ज्या देशांवरून जाईल तोच ढोबळ मार्ग, आणि तो भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेपेक्षा बराच उत्तरेकडे सरकलेला दिसतो.

पायरी तिसरी: अंतरावरून वेळ

देशांतर्गत मार्गांवरची नेहमीची जेट विमानं उंचीवर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटरनं जातात. ३९० ला ८०० नं भागलं की अर्धा तास येतो आणि तिकीट तर सव्वा तास दाखवतं. वरचा पाऊण तास गेला कुठं?

विमान धक्क्यावरून, म्हणजे उभं राहण्याच्या जागेवरून, मागं ढकललं जातं, वळतं, धावपट्टीच्या टोकापर्यंत हळूहळू चालत जातं, पुढचं विमान उतरेपर्यंत थांबतं. उडाल्यावर चढायला पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात मालवण, विजयदुर्ग मागं पडलेले असतात. सरळ उडण्याची मिनिटं मोजकीच, की लगेच उतरण सुरू. मुंबईला जाताना डाव्या हाताची खिडकी मिळाली तर समुद्र आणि किनारा दिसतो, येताना उजव्या हाताची मागून घ्या. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरली जाते आणि आकाशात रांग लागते. वैमानिक 'उड्डाणाचा वेळ पन्नास मिनिटं' असं सांगतो तो फक्त चाकं जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचा. तिकिटावरचा वेळ मात्र धक्का सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंतचा असतो आणि त्यात विमान कंपनी उशीर झाकायला थोडी मिनिटं आधीच घालून ठेवते. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं.

मी वापरतो तो ठोकताळा असा: हवाई अंतराला ८०० नं भागा, येतील त्या तासांची मिनिटं करा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. मुंबई: २९ अधिक ४०, एक तास नऊ मिनिटं. बंगळूर: ३७ अधिक ४०, सव्वा तासाच्या थोडं वर. दिल्ली: ११० अधिक ४०, अडीच तास. प्रत्यक्ष वेळापत्रक यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांनी जास्त निघतं, कमी सहसा नाही. तिकिटावर विमानाचा प्रकार एटीआर दिसला तर ते पंख्यांचं विमान, वेग ताशी पाचशेच्या आसपास. छोट्या पल्ल्याला त्यानं पंधरा-वीस मिनिटं वाढतात, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

वाऱ्याचा परिणाम मुंबई-पुण्याला जाणवत नाही. आखाताकडे जाताना जाणवतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो, तो जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. जायला लागलेला वेळ आणि यायला लागलेला वेळ यात फरक पडतो तो यामुळंच.

पायरी चौथी: घड्याळ आणि तारीख

यावर थोडं थांबून लिहितो, कारण इथं झालेली गल्लत सगळ्यांत महाग पडते.

तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. देशात फिरताना प्रश्न नाही, सगळीकडे घड्याळ एकच. पण गोव्यातल्या कितीतरी घरांतलं माणूस आखातात आहे आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. समजा विमान गोव्याहून सकाळी १० ला सुटलं आणि प्रवास तीन तास वीस मिनिटांचा. आपल्याकडे तेव्हा दुपारचे १.२० वाजलेले असतील, पण दुबईत ११.५०, आणि तिकिटावर ११.५० च छापलेलं असणार. दोन छापील वेळांची वजाबाकी केली तर प्रवास दोन तासांहून कमी वाटतो. परतीला उलट होतं: दुबईहून १ ला निघालेलं विमान आपल्याकडे संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास उतरतं आणि वजाबाकीत प्रवास पावणेपाच तासांचा दिसतो. म्हणून छापील वेळांची वजाबाकी करू नका. 'प्रवासाचा एकूण वेळ' असा वेगळा रकाना असतो, तो वाचा. पोचायच्या वेळेशेजारी 'अधिक एक' असं चिन्ह दिसलं तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची.

आता मध्यरात्रीची उड्डाणं. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.४०. याचा अर्थ १४ तारखेची रात्र. १४ ला घरी जेवून, रात्री दहाच्या आधी विमानतळावर पोचायचं. १५ ला रात्री बॅगा घेऊन जाल तर विमान वीस-एकवीस तासांपूर्वी गेलेलं असेल. असं तिकीट हाती आलं की मी कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात 'आज रात्री निघणे' असं पेनानं लिहून ठेवतो आणि घरातल्या सगळ्यांना दाखवतो.

पायरी पाचवी: उलटी मोजणी

आता खरा हिशेब, दारापासून दारापर्यंतचा. तो नेहमी विमानाच्या वेळेपासून मागं मोजत यायचा. साखळीचं एक कुटुंब परळच्या इस्पितळात तपासणीला निघालं आहे, विमान मोपाहून सकाळी १० चं, असं धरू.

बहुतेक कंपन्या देशांतर्गत विमानाला सामान घेणं एक तास आधी बंद करतात, म्हणजे ९ ला. विमानाचं दार गाठायचं फाटक २० ते २५ मिनिटं आधी मिटतं. सोबत वयस्कर माणूस, चाकांची खुर्ची मागितलेली, म्हणून ८ ला विमानतळाच्या दारात असलेलं बरं. साखळीहून डिचोली, अस्नोडा, कोलवाळ करत धारगळला यायचं आणि तिथून विमानतळाच्या जोडरस्त्यावर चढायचं. सकाळी तासभर लागतो, पण वाटेत ट्रक आडवा आला तर धारगळपर्यंत पुढं जाता येत नाही, म्हणून पाऊण तास जास्त. घरातून सव्वासहाला निघा. सव्वाअकराला मुंबईत टेकलात की सामान हाती यायला वीस ते तीस मिनिटं, आणि विमानतळ ते परळ टॅक्सीनं पाऊण ते सव्वा तास. साधारण एक वाजता पोचाल. तिकिटावरचा प्रवास सव्वा तासाचा, घरातला प्रवास पावणेसात तासांचा.

आता शेजारी आगगाडी ठेवून बघा. मडगाव-मुंबई वंदे भारत २७ जून २०२३ ला सुरू झाली. पावसाळा सोडला तर ती पावणेआठ तासांत ५८६ किलोमीटर जाते, थिवीला थांबते आणि दादरला उतरवते. परळला जाणाऱ्याला दादर म्हणजे जवळच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग उतरवला जातो आणि हीच गाडी दहा तासांच्या घरात जाते. थिवीजवळ राहणाऱ्या धडधाकट माणसाला, चार महिने पावसाचे सोडून, मी मुंबईसाठी आगगाडीच सुचवीन. आजारी माणसाला बसून राहणं जमत नसेल, किंवा भर पावसात जायचं असेल, तर विमान. दिल्ली-हैदराबादला विमानाशिवाय दुसरा विचार करू नये. पुण्याला विमान सोयीच्या वेळेचं असेल तर ठीक, नाहीतर रात्रीची बस सकाळी पोचवते आणि दिवस वाया जात नाही.

रस्त्याचा वेळ धरताना पर्वरीतली वाहनांची कोंडी विसरू नका. पणजीहून मोपाला जायला रिकाम्या रस्त्यावर पाऊण तास पुरतो, कार्यालयं सुटायच्या वेळी दीड तास धरा. दाबोळीकडे जाणाऱ्यांची आगशी-कुठ्ठाळीची जुनी कोंडी नव्या जुवारी पुलामुळं सुटली आहे, तिथं आता एवढी धास्ती नको. चवथीच्या आधीच्या दोन दिवसांत महामार्ग ६६ वर मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची रीघ असते, म्हापशापासून पुढं नेहमीच्या दुप्पट वेळ ठेवा. मोपाहून कदंबच्या बसही आहेत. उतरल्यावर त्या कामाच्या, जातानाही, पण बस विमानाच्या वेळेला धरून सुटत नाही. सुटायच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या आणि एक बस आधीची पकडा.

पायरी सहावी: पावसाळा आणि जोडविमान

मोपाचा विमानतळ सड्यावर आहे, समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच. जून-जुलैत ढग इतके खाली येतात की खाली रस्त्यावर स्वच्छ दिसतं आणि वर धावपट्टी दिसत नाही. दाबोळीही पठारावरच, समुद्राच्या तोंडावर. अशा वेळी विमान घिरट्या घालतं, दृश्यता सुधारली नाही तर बेळगाव, हुबळी, बंगळूर किंवा मुंबईकडे वळवलं जातं आणि पाऊस उघडल्यावर परत येतं. पाऊस नसलेल्या दिवशीही दाबोळीवर विमान बहुतेकदा पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतं, कारण वारा समुद्रावरून येतो. मुंबईहून येणाऱ्याला त्यासाठी आत जमिनीवरून वळसा पडतो. खिडकीतून समुद्र दिसून परत डोंगर दिसू लागले तर काही बिघडलं असं समजू नका.

पुढं दुसरं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी राहते. वेगवेगळी तिकिटं काढली तर ती जबाबदारी तुमची. तसं करावंच लागलं तर मुंबईत एरवी चार तास आणि पावसाळ्यात सहा तास मधे ठेवा, सामान ताब्यात घेऊन पुन्हा नव्यानं द्यावं लागतं हे धरून. परदेशाचं तिकीट असेल तर पावसाळ्यात मी आदल्या दिवशीच मुंबई गाठायला सांगतो. नातेवाइकाकडे एक रात्र काढणं परदेशाचं तिकीट बुडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. आणि गोव्याचं विमान नवी मुंबईला उतरतं पण पुढचं सहारहून सुटतं, असं जोडू नका. मधे अख्खं शहर ओलांडावं लागतं.

निघायच्या दिवशी एक गोष्ट करा, फार उपयोगाची आहे. तुम्हाला नेणारं विमान गोव्यात रात्रभर उभं नसतं. ते बहुधा दुसऱ्या गावाहून येतं, प्रवासी उतरवतं आणि अर्ध्या-पाऊण तासात तुम्हाला घेऊन निघतं. उड्डाणं दाखवणाऱ्या ॲपमध्ये तुमचा विमान क्रमांक टाकला की ते विमान आत्ता कुठं आहे हे दिसतं. १० च्या उड्डाणासाठीचं विमान साडेनऊलाही मुंबईतच उभं असेल तर फलकावर 'वेळेवर' लिहिलेलं असलं तरी उशीर ठरलेला. पण हे बघून घरातून उशिरा निघू नका. सामान घेण्याची आणि फाटक मिटण्याची वेळ कंपनी छापील वेळेवरूनच धरते, आणि उशीर अचानक कमीही होतो. ॲपचा उपयोग पलीकडच्या माणसासाठी करा: मुंबईत न्यायला येणाऱ्याला फोन करून सांगा, तासभर उशिरानं नीघ.